संरक्षित भार

शैलजाबाई जोगळेकरांनी आयुष्यात कुणाचं फुकट खाल्लं नव्हतं, आणि आपलं कुणी फुकट खाल्लेलंही त्यांना कधी खपलं नव्हतं. त्यामुळे चैत्रात विजेचं बिल दीडपट आलं तेव्हा त्यांच्या कपाळाला आठी पडली, वैशाखात दुप्पट आलं तेव्हा त्या वीज कंपनीशी भांडल्या, आणि ज्येष्ठात अडीचपट आलं तेव्हा मात्र त्यांनी पदर खोचला.

सांगलीच्या अमृतकुंभ सोसायटीत, ए-विंगच्या तिसऱ्या मजल्यावर त्या एकट्याच राहत. यजमान मुकुंदराव जाऊन सहा वर्षं झाली होती आणि मुलगा ओजस नॉर्वेत होता. घरात एक फ्रीज, एक पंखा आणि एका वेळी एकच दिवा. ज्या खोलीत आपण नाही तिथला दिवा चालू ठेवणं त्यांच्या लेखी पापच होतं. बोलायला माणूस नव्हतं, म्हणून त्या कधीकधी कुकरशी बोलत. तो निदान शिट्टी तरी देई.

"आई, एसी घेतला असशील तर घेतला म्हण की," रविवारच्या फोनवर ओजस म्हणाला. "मी काय रागावणार आहे का?"

"घेतला असता तर तुला सांगितलं नसतं?"

"तू काय काय सांगतेस मला."

शैलजाबाईंनी विषय बदलला, कारण मुलगा खरं बोलत होता.

घराघरांत पारखी मीटर बसून तेव्हा सात-आठ वर्षं झाली होती. कंपनीनं नाव काहीतरी भारदस्त दिलं होतं, पण लोकांनी पारखी म्हटलं आणि तेच टिकलं. तत्त्व तसं साधं होतं. प्रत्येक उपकरण आपापल्या पद्धतीनं वीज ओढतं. पंख्याची मोटर सुरू होताना एकदम मोठा घोट घेते आणि मग निवांत होते. गीझर पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच पितो. फ्रीजचा कॉम्प्रेसर मधूनच उठतो, मधूनच झोपतो. ही लय इतकी ज्याची त्याची असते, की मुख्य वायरीतल्या प्रवाहाचं सेकंदाला हजारो वेळा मोजमाप घेतलं तर एका जागी बसून आत काय काय चालू आहे ते ओळखता येतं. जिन्यावरच्या पावलांवरून कोण आलं ते घरच्या माणसाला कळतं, तसंच.

मग व्हायचं तेच झालं. कुणाच्या घरी श्वासाचं यंत्र चालतं हे विमा कंपन्यांना कळायला लागलं. घरमालक आजारी भाडेकरूंना दारातूनच वाटेला लावायला लागले. लग्न जमवणाऱ्यांनी तर कहर केला, पत्रिकेबरोबर स्थळाच्या घरचं वीज-पत्रकही मागायला लागले. शेवटी कायदा आला. उपचाराचं यंत्र असेल तर मीटरनं त्याचं नाव सांगायचं नाही, पडद्यावर फक्त 'संरक्षित भार' एवढंच दाखवायचं, आणि कंपनीनं ती लाइन कुठल्याही कारणानं तोडायची नाही. यंत्राचं नाव कळण्याचा हक्क फक्त कुटुंबाला, आणि तोही रुग्ण हो म्हणाला तर.

शैलजाबाईंनी चष्मा पुसून पडद्यावरची नावं पुन्हा वाचली. पंखा, फ्रीज, मिक्सर, दिवे. आणि सगळ्यांच्या खाली: संरक्षित भार, अखंड.

"अहो, माझ्या घरात आजारी कुणी नाही," त्यांनी कंपनीच्या मदतवाणीला सांगितलं. "मी एकटी आहे आणि मला साधी सर्दीसुद्धा नाही."

मदतवाणी म्हणजे यंत्राचाच आवाज होता, बाईचा, अतिशय गोड. "आपल्याला आजाराबद्दल बोलायचं नसेल तर हरकत नाही," तो म्हणाला. "काळजी घ्या. आपण एकट्या असल्यामुळे आपल्या मुलाला कळवत आहोत."

त्या आठवड्यात ओजसचा फोन बुधवारी आला. मग गुरुवारी आला. मग रोजच यायला लागला. जेवलीस का, झोप लागते का, धाप लागते का, आई लपवू नकोस. शैलजाबाई म्हणत, "मी ठणठणीत आहे रे बाबा." पण दिवसेंदिवस हे वाक्य जरा मवाळ होत गेलं. खोटं त्या बोलल्या नाहीत, खरं मात्र हळू आवाजात सांगत राहिल्या. फोनची वेळ झाली की हातातलं काम टाकून त्या खुर्चीत येऊन बसत. असे दिवस त्यांना फार वर्षांनी आले होते.

"उद्या डॉक्टरांना घरी पाठवतोय," एक दिवस ओजस म्हणाला, आणि त्यांना मनातून शरम वाटली. आता या प्रकरणाचा छडा लावणं भागच होतं.

दुपारी त्यांनी घरातली एकूण एक पिन काढली. फ्रीज रिकामा केला, पंखा बंद केला आणि घामाघूम होऊन मीटरच्या पडद्यासमोर बसल्या. सगळी नावं एकेक करून गेली. शेवटचं तेवढं राहिलं. संरक्षित भार, अखंड.

मग त्या स्टुलावर चढल्या. दाराच्या वरच्या पेटीत खटक्यांची रांग होती आणि प्रत्येकाखाली नाव होतं, स्वयंपाकघर, हॉल, बाथरूम. त्यांनी एकेक खटका खाली ओढला आणि दर वेळी मान वळवून पडदा पाहिला. काहीच फरक पडेना. अगदी कोपऱ्यात एक खटका होता, त्याला नाव नव्हतं. त्याच्यावर वाळून काळपट झालेलं कसलंसं बोट उमटलेलं होतं. त्यांनी तो ओढला. पडदा कोरा झाला.

"सापडलास," शैलजाबाई म्हणाल्या.

त्याच क्षणी हॉलच्या भिंतीपलीकडून एक कर्कश शिट्टी सुरू झाली, थांबेना. काहीतरी धडपडलं. आणि एका पुरुषाचा आवाज आला, "मेधा, घाबरू नको. हलू नको. बघतो मी, बघतो."

त्यांनी तो आवाज ओळखला. धाकट्या दिराचा, शिरीषचा. त्यांचा हात आपोआप वर गेला आणि खटका चढला. शिट्टी बंद झाली. त्या भिंतीला धरून स्टुलावर तशाच उभ्या राहिल्या. आपण आत्ता काय केलं होतं हे त्यांना नीट कळलं होतं.

बोटाचा तो डाग कुंकवाचा होता, आणि लावलाही त्यांनीच होता.

मुकुंदराव आणि शिरीष या दोघा भावांनी ए आणि बी विंगमधले पाठीला पाठ लागलेले फ्लॅट घेतले होते. मधली भिंत पाडून एक ऐसपैस घर केलं होतं. पंधरा वर्षं ते घर नांदलं. मग सासूबाईंनी अंथरूण धरलं. मेधा, म्हणजे धाकटी जाऊ, बँकेत होती. सकाळी जाई ती दिवेलागणीला येई. सासूबाईंचं सगळं शैलजाबाईंनी केलं, आणि ते केल्याचं त्या विसरल्या नाहीत. तेराव्याच्या पंगतीत, चार नातेवाइकांच्या देखत त्या बोलून गेल्या, "काहींना सासूची पेन्शन दिसली, बेडपॅन नाही दिसलं." मेधा वाढत होती. तिनं हातातला डाव पातेल्यात ठेवला आणि आत निघून गेली. वर्षाच्या आत भिंत पुन्हा उभी राहिली.

देवघर बी-विंगच्या बाजूला गेलं. तेव्हा शैलजाबाईंनी हट्ट धरला, की देव मोठ्या घरचे आहेत, ते तिकडे राहिले तरी त्यांचा दिवा माझ्याच मीटरवर जळेल. वायरमननं डोकं खाजवलं, मुकुंदरावांनी समजावून पाहिलं, पण बाईंपुढे कुणाचं चाललं नाही. देवघराची वायर भिंतीतून तशीच राहिली, आणि कुणी चुकून बंद करू नये म्हणून त्या खटक्याला शैलजाबाईंनी कुंकू लावलं. तो इवलासा दिवा वीज ती किती खाणार? बिलात तो कधी जाणवला नाही आणि काही वर्षांत डोक्यातूनही गेला.

त्यांनी मदतवाणीला पुन्हा फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"समजलं," गोड आवाज म्हणाला. "यंत्र वापरणारी व्यक्ती आपल्या कुटुंबातली आहे का? नसेल तर ही चुकीची जोडणी ठरेल आणि आम्ही ती लाइन त्यांच्या मीटरवर हलवून देऊ. हो किंवा नाही म्हणा."

"थांबा जरा."

"थांबते," आवाज म्हणाला, आणि खरोखरच थांबला. शैलजाबाईंनीच शेवटी फोन ठेवला.

एका भिंतीपलीकडे जायला त्यांना पूर्ण सोसायटी ओलांडावी लागली. ए-विंगच्या लिफ्टनं खाली, पार्किंगमधून वळसा, बी-विंगच्या लिफ्टनं वर. मुकुंदराव गेले तेव्हा शिरीष खांदा द्यायला आला होता. मेधा खाली पार्किंगमध्ये बायकांत उभी राहिली आणि तिथूनच परत गेली. त्यानंतर दोन्हीकडून कुणी हा वळसा घेतला नव्हता.

शिरीषनं दार उघडलं. त्याचे केस पिकले होते, दाढी वाढली होती.

"वहिनी," तो म्हणाला आणि बाजूला झाला.

"मगाशी लाइट गेली ना, ती मी घालवली, भावजी. मला ठाऊक नव्हतं."

शिरीषनं खाली बघत मान हलवली. मेधाची फुप्फुसं आवळत चालली होती, हे त्यानं उभ्याउभ्याच सांगितलं. हवेतून प्राणवायू वेगळा करून नळीनं देणारं यंत्र तिला अखंड लागत होतं. "आमचा मीटर उन्हाळ्यात सारखा ट्रिप होतो," तो म्हणाला. "पण देवघरातला दिवा गेलेला मी कधी पाहिला नाही. म्हटलं, त्याच प्लगला यंत्र लावू या आणि हिची कॉटही तिथंच टाकू या. ती लाइन तुमच्याकडून येते हे माझ्या डोक्यातच नाही आलं."

"आणि मेधाच्या?"

"तिला माहीत होतं," शिरीष म्हणाला. "मला आत्ता सांगितलं तिनं, शिट्टी वाजली तेव्हा."

मेधा देवांच्या फळीखाली उशांना टेकून बसली होती. नाकाला नळी होती. एके काळी साऱ्या घराला धाकात ठेवणारी तिची बँकेतली ताठ मान आता उशीत रुतली होती. त्या दोघांना मूलबाळ नव्हतं, घरात तिसरं माणूस दिसत नव्हतं.

"किती आलं बिल?" तिनं विचारलं. दोन शब्दांमध्ये ती श्वासाला थांबत होती.

"त्यासाठी नाही आले."

"मग?"

शैलजाबाई कॉटजवळ आल्या. त्यांनी उलट विचारलं, "तुला ठाऊक होतं, तर कळवलं का नाहीस?"

"कुठल्या तोंडानं? सासूबाईंचं मी काही केलं नाही. आता माझं तुम्ही करा म्हणू?" मेधानं श्वास घेतला. "पण तुमचा राग टिकतो, वहिनी. म्हटलं, लाइनही टिकेल."

"तेराव्याला मी ते बोलायला नको होतं."

"नको होतं," मेधा म्हणाली आणि तिनं डोळे मिटले. "आता जा तुम्ही. दमते मी."

घरी येऊन शैलजाबाईंनी ओजसला फोन लावला आणि खरं काय ते स्पष्ट आवाजात सांगितलं. "म्हणजे तू बरी आहेस ना?" त्यानं विचारलं. "मग झालं तर. उगाच घाबरवलंस." काकूला बरं वाटू दे म्हणाला, डॉक्टरांना येऊ नका म्हणून कळवलं, आणि त्याचा फोन पुन्हा रविवारवर गेला. मुलगा वाईट नव्हता. त्याला त्याचं काम होतं, आणि आई ठणठणीत होती. शैलजाबाईंना त्या संध्याकाळी फार एकटं वाटलं.

मग त्यांनी मदतवाणीला सांगितलं, "हो. कुटुंबातलीच आहे."

"नातं सांगा."

"जाऊ."

"हे नातं माझ्याकडे नोंदलेलं नाही. समजावून सांगाल?"

"माझ्या नवऱ्याच्या भावाची बायको."

"पती हयात आहेत?"

"नाहीत."

"क्षमा करा. दिवंगत व्यक्तीमार्फत आलेलं नातं कुटुंब म्हणून धरता येत नाही. आई, मुलगी, बहीण, सासू, सून, यांपैकी काही आहे का?"

शैलजाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा सरकारदरबारी खोटं सांगितलं. "बहीण," त्या म्हणाल्या.

"समोरच्या व्यक्तीनंही तेच नातं सांगितलं तर नोंद होईल."

दुसऱ्या दिवशी पडद्यावर उत्तर आलं. दोन्ही बाजूंची नाती जुळत नाहीत. पंधरा दिवसांनी पुन्हा विचारण्यात येईल. शैलजाबाईंनी ते वाचलं, मऊ भात लावला, वर मेतकूट आणि तूप घातलं, आणि डबा घेऊन वळसा घातला.

"काय सांगितलंस तू?" कॉटशेजारी बसत त्यांनी विचारलं.

"सासू," मेधा म्हणाली.

"काय?"

"त्या गोड बाईनं विचारलं, या तुमच्या कोण. मी म्हटलं, सासूच म्हणायच्या. तुम्ही काय सांगितलं?"

"बहीण."

"खोटारड्या," मेधा म्हणाली आणि हसायला लागली. शैलजाबाईंनाही हसू आवरेना. तेवढ्यात मेधाचा श्वास अडकला, ओठ निळसर झाले. शैलजाबाईंनी तिच्या काखेत हात घालून तिला पुढे घेतलं, पाठीला उशी सरकवली आणि खांदे खाली दाबून धरले. सासूबाईंना त्या असंच बसवत. हातांना सगळं आठवत होतं. श्वास लागला तेव्हा मेधा त्यांच्या खांद्यावरच टेकून राहिली.

"हात चांगला आहे तुमचा," ती म्हणाली.

"पुढच्या वेळी बहीण सांग."

"बघू."

निघताना शिरीष दारापर्यंत आला. "चैत्रात यंत्र दोनवर होतं," तो हळू म्हणाला. "वैशाखात तीनवर नेलं. आता पाचवर आहे. याच्यापुढे त्याच्यावर आकडा नाही, वहिनी."

यंत्र जितकं वर, तितकी त्याला वीज जास्त. पार्किंगमधून येताना शैलजाबाईंच्या लक्षात आलं, की बिल ज्या चालीनं चढत गेलं त्याच चालीनं मेधाचा श्वास तुटत गेला होता. आणि त्या तीन महिन्यांत त्या एकेका युनिटसाठी कंपनीशी भांडल्या होत्या. त्या गाड्यांच्या मधे उभ्या राहिल्या आणि रडल्या. त्यांना कुणी पाहिलं नाही.

त्या रोज जायला लागल्या. मऊ भात जाईना झाला तेव्हा पेज नेली, पेज जाईना झाली तेव्हा नुसत्याच जाऊन बसल्या. बोलणं फारसं होत नसे. मेधाला दम नव्हता, आणि गेलेल्या वर्षांचं बोलायला घ्यावं तर सुरुवात कुठून करायची हे दोघींनाही ठाऊक नव्हतं. घरी आल्यावर त्या मीटरसमोर खुर्ची घेत. संरक्षित भार, अखंड. तेवढं वाचलं की त्यांना झोप लागे.

एका सकाळी चहा घेता घेता त्यांनी पडद्याकडे पाहिलं तर पंखा होता, फ्रीज होता, आणि खाली काही नव्हतं. त्यांनी पेटी उघडून पाहिली. खटका वरच होता. भिंतीपलीकडे शिट्टी वाजत नव्हती. यंत्र कुणीतरी हातानं बंद केलं होतं. शैलजाबाईंनी कप ओट्यावर ठेवला, गॅस बंद केला आणि लिफ्टची वाट न पाहता जिना उतरल्या.

पुढचं सगळं जसं होतं तसं झालं. बी-विंगची माणसं जमली, मेधाच्या बँकेतले दोघे आले, गाडी आली. शैलजाबाई कोपऱ्यात बसून होत्या. त्यांना तिथं ओळखणारं कुणी नव्हतं, आणि ओळख करून द्यायला शिरीषला भान नव्हतं. बायकांच्या घोळक्यात त्यांचा फोन वाजला. पंधरा दिवस झाले होते.

"नातं पुन्हा सांगा," गोड आवाज म्हणाला.

"बहीण," शैलजाबाई पदराआड म्हणाल्या.

"आभारी आहे. समोरच्या उत्तराची वाट पाहत आहोत."

पुरुष माणसं परत आली तेव्हा दुपार उलटली होती. शेजारच्या फ्लॅटमधल्या इनामदारबाई पिठलं-भाताचं पातेलं घेऊन आल्या. कामसू बाई होत्या. त्यांनी शिरीषसाठी ताट मांडलं, पाणी ठेवलं, आणि मग त्यांचं लक्ष देवघराकडे गेलं. रिकाम्या कॉटच्या वर फळीवर देव होते, कालचीच फुलं अंगावर.

"मावशी, तुम्ही ए-विंगच्या ना?" त्यांनी शैलजाबाईंना विचारलं. "तुम्हाला रोज येताना बघते. ह्यांना आता दहा दिवस देवाला हात लावता यायचा नाही. बाहेरच्या कुणीतरी पूजा करायला हवी. तुम्ही येऊन कराल का तेवढी?"

शैलजाबाईंनी देवांकडे पाहिलं. याच देवांसाठी त्या एके काळी साऱ्या घराशी भांडल्या होत्या.

"मला नाही चालणार," त्या म्हणाल्या.

"का हो?"

"मला सुतक आहे."

इनामदारबाई त्यांच्याकडे वळल्या. "तुम्ही कोण त्यांच्या?"

"मोठी जाऊ."

शिरीषनं मान वर केली. "मग पूजा मी करीन," इनामदारबाई म्हणाल्या. त्या आत गेल्या आणि शिरीषच्या ताटाशेजारी त्यांनी आणखी एक ताट मांडलं.